बादलीतलं लिंबू: मातीशिवाय झाड सोलापूरच्या उन्हात जगतं का?

गेल्या वर्षभरात एक रील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहा वेळा तरी येऊन गेलंय. काचेची बरणी, त्यात पाणी, पाण्यात पांढऱ्याशुभ्र मुळ्या, वर लिंबाचं झाड आणि त्याला लगडलेली पिवळी लिंबं. "माती नको, खड्डा नको, घरात झाड लावा". आणि दरवेळी खाली तेच प्रश्न, की हे खरं असतं का, मुळ्या कुजत नाहीत का, आपल्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांआड मग हे पाण्यातलं झाड कुणी सांगितलंय, वगैरे.

माझ्या जुळे सोलापुरातल्या गच्चीवर गेली तीन वर्षं दोन लिंबं, एक अंजीर आणि एक डाळिंब मातीशिवाय उभे आहेत. आणि एक लिंबू मी स्वतःच्या हाताने मारलेलं आहे, त्यामुळे लिहायचा अधिकार आहे असं धरून चालतो. तर आधीच सांगून टाकतो, त्या रीलमधलं बरणीतलं झाड आपल्याकडे एप्रिलमध्ये आठवडाभर टिकलं तरी खूप. पण मातीशिवाय झाड वाढतं हे मात्र शंभर टक्के खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, तेच सांगायचंय.

झाड माती खातच नाही

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं असतं की झाड माती खाऊन मोठं होतं. साधारण चारशे वर्षांपूर्वी व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने हे तपासून बघितलं. त्याने कुंडीत २०० पौंड कोरडी माती मोजून घातली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड झालं १६९ पौंडाचं, म्हणजे ७६ किलोच्या वर, आणि माती कमी झाली फक्त २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आलं. त्याला वाटलं झाड पाण्यापासून बनतं, ते अर्धवट चुकलं, कारण लाकडाचा जो कोरडा भाग असतो त्यातला जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून येतो, पानांमधून.

पण ते दोन औंस महत्त्वाचे आहेत. नायट्रोजन, पोटॅश, कॅल्शियम, लोह, जस्त असली एकूण १४ मूलद्रव्यं झाड मुळांतून घेतं (बाकीची तीन, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, हवा-पाण्यातून मिळतात). ही १४ पाण्यात विरघळवून थेट मुळांना दिली तर मातीचं काम पडत नाही. एवढीच हायड्रोपोनिक्सची व्याख्या. जर्मनीत साक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या दशकात नुसत्या क्षारांच्या पाण्यावर रोपं वाढवून दाखवली होती, आणि पुढे १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात गेरिक नावाच्या प्राध्यापकाने घराच्या अंगणात असे २५ फुटी टोमॅटोचे वेल चढवले की तोडायला शिडी लागायची. म्हणजे रीलवाले सांगतात तसं हे काही कालपरवाचं जादूचं तंत्र नाहीये.

मग माती करते तरी काय?

माती म्हणजे आजीची कोठी समजा. ज्वारीची पोती, डाळी, तिखट, चिंच, सगळं वर्षाचं भरून ठेवलेलं. चार दिवस बाजार बंद राहिला तरी घरात कुणी उपाशी राहत नाही. माती पाणी धरून ठेवते, खत धरून ठेवते, तुम्ही चुकून जास्त घातलंत तर थोडं पोटात घालते, आंबट-खारट झालं तर सांभाळून घेते, वर झाडाला उभं धरते आणि मुळांना उन्हापासून वाचवते.

हायड्रोपोनिक्स म्हणजे मेसचा डबा. ताजा, मोजून-मापून, पोषण बरोब्बर, म्हणून झाड वाढतंही जोरात. पण डबा आला नाही त्या दिवशी घरात चहा-खारीसुद्धा नसते. मातीतल्या झाडाला तुम्ही विसरलात तर ते आठवडाभर कुरकुरत का होईना पण तग धरतं, बादलीतलं झाड मे महिन्यात दुपारी बारा ते सहा पंप बंद राहिला तर संध्याकाळपर्यंत मान टाकतं. हे आधी मान्य असेल तरच पुढे वाचा.

"पाण्यात मुळ्या कुजत नाहीत का?"

कुजतात! लोकांचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मुळं पाण्यामुळे कुजत नाहीत, हवेशिवाय कुजतात. मुळाला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, तेही थंड, २० अंशाच्या पाण्यात, असतो फक्त ९ मिलिग्रॅम. आणि तो पाण्यातून सरकतो हवेपेक्षा काही हजार पट हळू. म्हणजे स्थिर पाण्यात बुडालेलं मूळ हे गर्दीच्या जनरल डब्यात खिडकी बंद करून बसवलेल्या माणसासारखं असतं.

आता त्यात आपलं सोलापूर घाला. गोटी सोडा आठवा, थंडगार बाटली फोडली की गॅस बराच वेळ टिकतो, उन्हात तापलेली फोडली की भस्सकन सगळा उडून जातो आणि उरतं नुसतं गोडमिट्ट पाणी. ऑक्सिजनचंही तसंच. पाणी ३५ अंशाला गेलं की त्यात ऑक्सिजन राहतो ७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्याच वेळी मुळं मात्र गरमीमुळे जवळपास दुपटीने श्वास घेत असतात. पुरवठा कमी, मागणी डबल. वरून कोमट पाण्यात पिथियम नावाचा मूळकुज करणारा बुरशीसारखा जीव सुखाने वाढतो.

माझं पहिलं लिंबू असंच गेलं. काळी बादली, पाण्याने भरलेली, त्यात फिश टँकची एअर मोटर सोडलेली, झाड वर जाळीत लटकवलेलं. डिसेंबर ते फेब्रुवारी काय सुंदर वाढलं म्हणून सांगू, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवत होतो. एप्रिलमध्ये एका दुपारी बादलीत हात घातला तर पाणी अंघोळीला काढतो तसं गरम, आणि मुळ्या तपकिरी, चिकट, गटारासारखा वास. हात लावला की वरची साल मोज्यासारखी निघून येत होती. मी काय केलं तर अजून एक एअर मोटर लावली, म्हणजे बाहेरची ४२ अंशाची हवा अजून जोरात आत. चार दिवसांत खेळ खल्लास.

निरोगी मूळ पांढरं किंवा फिक्कट पिवळसर आणि घट्ट असतं, आणि त्याला वास येतच नाही किंवा ओल्या मातीसारखा हलका येतो. एवढं एक नाक ठेवलं तरी निम्मी झाडं वाचतात.

झाडासाठी पाण्याची टाकी नको, ठिबकची बादली पाहिजे

पालेभाजी, कोथिंबीर, लेट्यूस ही सहा-आठ आठवड्यांची पिकं, ती नुसत्या पाण्यावर तरंगत काढता येतात. झाड वर्षानुवर्षं राहणार, त्याची मुळं जाडजूड होणार, त्याला खोडाचं वजन पेलायचंय. म्हणून झाडासाठी वेगळी रचना वापरतात, तिला डच बकेट म्हणतात. नाव परदेशी असलं तरी सांगोला-पंढरपूरच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला दाखवलं तर तो म्हणेल हे तर आमचं ठिबकच आहे, फक्त जमीन काढून टाकलीय. आणि खरंच तसंच आहे.

माझी मांडणी सांगतो. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, स्वच्छ घासून धुतलेली. तळापासून दोन इंच वर एक भोक, त्यात पाइपचा एल्बो, आतल्या बाजूने जाळीचा तुकडा. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी. खडी आपली काळ्या दगडाची चालते, पांढरी चुनखडीची अजिबात नको, का ते पुढे येईल. वर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात एक तृतीयांश तरी जाडसर काहीतरी, परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे) किंवा बारीक विटांचे खडे, नाहीतर नुसतं कोकोपीट दाबून बसतं आणि परत हवेची बोंब. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यायचं कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. खालच्या बाजूला ६० लिटरचा निळा ड्रम, त्यात खताचं पाणी, त्यात कूलरचा साधा पंप. पंपातून बारीक लॅटरल म्हणजे ठिबकची नळी, त्याला प्रत्येक बादलीत थेंब थेंब पाणी सोडणारे दोन ड्रिपर, आणि एल्बोमधून जास्तीचं पाणी परत ड्रममध्ये. टायमरवर सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, रात्री एकदा. हे सगळं सामान सोलापुरात ठिबकच्या दुकानात आणि कूलरच्या दुकानात मिळतं, ऑनलाइन मागवायला लागतात ते फक्त पाण्याचा आंबटपणा आणि खारटपणा मोजायचे पीएच आणि ईसी मीटर.

गंमत अशी आहे की पाणी जेव्हा खालून निघून जातं तेव्हा वरून ताजी हवा आत ओढली जाते. म्हणजे दर दोन तासांनी झाडाला पाणी देताय असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर तुम्ही त्याला श्वास देताय. तळातलं दोन इंच पाणी लाइट गेल्यावर थोडा वेळ भागवतं.

शेजारच्या अक्का पहिल्यांदा बघायला आल्या, नळ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "काय ओ दादा, झाडाला सलाइन लावलाय काय?" हसलो, पण इतकं चपखल वर्णन मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

ऊन हाच खरा शत्रू

ड्रम सावलीत पाहिजे, हे पहिलं. बादल्यांना बाहेरून पांढरा रंग किंवा चुना मारा, उजेड आत गेला की शेवाळं धरतं आणि काळा रंग असला की पाणी तापतं. मार्च ते जून डोक्यावर ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी. आणि माझा सगळ्यात आवडता उपाय, जुनी विरलेली सोलापुरी चादर ड्रमभोवती गुंडाळायची आणि सकाळ-दुपार ओली करायची. माठाचं जे शास्त्र तेच इथे, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि आपली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की हे फार छान चालतं. माझ्याकडे दुपारी तीनला चादरवाला ड्रम आणि उघडा ड्रम यात पाच-सहा अंशाचा फरक पडला. मुंबईच्या दमट हवेत हे जमणार नाही, तिथे चादर नुसती कुबट होईल. पाणी ३० अंशाच्या खाली राहिलं तर झाड खूश, वर गेलं की काळजी करायला लागायचं.

डब्यात काय भरायचं

इथे सोलापूरकरांना मोठा फायदा आहे. पुण्या-मुंबईची मंडळी हायड्रोपोनिक्सच्या छोट्या बाटल्या महागात मागवतात, आपल्याकडे डाळिंब आणि द्राक्षामुळे विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. मी १० लिटर पाण्याला हे घेतो: कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५ हे ३ ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची चिमूट, पाकिटावरच्या प्रमाणात. स्वयंपाकघरातला चमचा नको, दागिने मोजायचा छोटा काटा मिळतो तो घ्या.

दोन गोष्टींत हमखास फसायला होतं. एक, कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं घट्ट द्रावणात एकत्र करायची नाहीत. दुधात लिंबू पिळल्यावर जे होतं तेच होतं, कॅल्शियम आणि सल्फेट मिळून तळाला पांढरा जिप्सम बसतो, झाडाला काही मिळत नाही वर ड्रिपर चोंदतात. दोन वेगळ्या कॅनमध्ये विरघळवा आणि मग भरलेल्या ड्रममध्ये एकामागून एक ओता, पातळ झाल्यावर काही होत नाही.

दुसरं, १९:१९:१९ वापरू नका. दुकानदार तेच देतो, कारण शेतात ते चालतं. पण त्यातल्या नायट्रोजनचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो आणि युरियाचं नायट्रेट करण्याचं काम मातीतले जिवाणू करतात. बादलीत ती फौज नाही किंवा फारच थोडी आहे. म्हणजे पिठाची गिरणी नसलेल्या गावात ज्वारी पाठवल्यासारखं झालं. आपल्याला थेट पीठच, म्हणजे नायट्रेट, द्यायचंय.

खारटपणा आणि आंबटपणा, हे दोन आकडे रोजचे

ईसी म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत त्याचं माप. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? मुळांच्या बाहेर क्षार जास्त झाले की मुळाचंही तेच होतं, पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर ओढलं जातं, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. पानांची टोकं करपायला लागली की ओळखा. लिंबाला मीटरवर १.२ ते १.८ mS/cm च्या मध्ये ठेवा, उन्हाळ्यात खालच्या बाजूला, कारण गरमीत झाड पाणी भराभर पितं आणि क्षार मागे राहतात, ड्रम आपोआप खारट होत जातो. म्हणून उन्हाळ्यात रोज टॉप-अप साध्या पाण्याने करायचा, खताच्या नाही. दोन-तीन आठवड्यांनी सगळं पाणी काढून नवीन, आणि काढलेलं पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला. फेकायचं नाही.

पीएच म्हणजे पाणी आंबट की सोड्यासारखं (अल्कधर्मी) ते. ५.५ ते ६.५ मध्ये पाहिजे. सातच्या वर गेलं की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही, कोठी भरलेली पण दाराला कडी. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पानं पिवळी आणि कोवळी ठीक असतील तर ते लोह नाही, बहुतेक नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम, कारण ही दोन झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह देऊ शकत नाही. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर दुकानातून उगाच बाटल्या आणणं थांबतं.

आता आपल्या पाण्याचं बोला. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, हजाराच्या वर आहे, आणि त्यात बायकार्बोनेट इतकं की पीएच आज सहावर आणला तर परवा परत साडेसात. चुनखडीची खडी नको म्हणालो ते ह्याचसाठी, ती तर तळाशी बसून रोज पीएच वर ढकलत राहते. नळाचं उजनी धरणाचं पाणी त्यापेक्षा बरंच बरं, पण ते येणार तेव्हा येणार. मी काय करतो तर पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवतो, उन्हाळ्यात एसीचं टपकणारं पाणी धरतो, ते जवळपास क्षारमुक्त असतं, आणि ते बोअरच्या पाण्यात मिसळतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर असतं म्हणून कॅल्शियम नायट्रेट थोडं कमी. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका हो, लोक पाणी वाचवायच्या नादात तेच घालतात, सगळे क्षार गोळा होऊन त्यातच आलेले असतात. पीएच खाली आणायला फॉस्फोरिक ॲसिडचे काही थेंब, हातमोजे घालून, आणि नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही. लिंबू पिळून काम भागतं का असं बरेच जण विचारतात. दोन दिवस भागतं, मग जिवाणू ते सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात आणि परत पहिले पाढे.

"९० टक्के पाणी वाचतं" हे खरं का?

हे वाक्य सगळीकडे चिकटवलेलं असतं. मोकाट पाटपाण्याच्या भाजीशी तुलना केली तर असे आकडे निघू शकतात, पण झाडाला ते लावणं म्हणजे थाप आहे. झाड जेवढं पाणी पितं त्यातलं ९७ टक्क्यांच्या वर पानांतून वाफ होऊन उडून जातं, तो त्याचा कूलर आहे. मातीत लावा नाहीतर बादलीत, पानं तेवढीच, ऊन तेवढंच, तहान तेवढीच. मीटरभर पसाऱ्याचं माझं लिंबू मे महिन्यात दिवसाला पाच-सहा लिटर पितं, जानेवारीत दोनच.

वाचतं काय, तर जे खाली मुरून जातं आणि उघड्या मातीतून उडतं ते. म्हणजे तहान कमी होत नाही, सांडणं कमी होतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तेही काही थोडं नाही, पण चार झाडांना मे महिन्यात रोज वीस लिटर लागणार हे धरून चला आणि मगच घरच्यांशी वाद घाला.

"हे सगळं केमिकलच ना?"

हा प्रश्न आमच्या आईचा. शेणखतातलं नायट्रोजनही मुळात शिरताना बहुतेक नायट्रेट होऊनच शिरतं, झाडाला ते पोत्यातून आलं की म्हशीकडून आलं ते कळत नाही. फळात रसायन साचतं अशी भीती असेल तर ती फवारणीच्या औषधांबद्दल जास्त बाळगा, ती मातीतल्या झाडांवरही फवारतातच. चवीचं म्हणाल तर लिंबाची चव जातीवर, उन्हावर आणि किती पिकू दिलं त्यावर. पण सेंद्रिय शेतीवाल्यांचा एक मुद्दा मला पटतो, की माती जिवंत असते आणि बादली नसते. खरंय. ज्याच्याकडे जमीन आहे त्याने हा उद्योग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खड्डा खणा, शेणखत घाला, झाड लावा.

मग कुणासाठी? ज्याच्याकडे फक्त गच्ची आहे. ओली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो भरते, कोकोपीट त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुन्या घरांच्या स्लॅबला हा फरक मोठा आहे. तरी साठ लिटरचा ड्रम म्हणजे साठ किलो, तो मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा.

कुठलं झाड घ्यायचं

सगळ्यात सोपं अंजीर. पेन्सिलीएवढी जाड काडी थंडीत कोकोपीटमध्ये खोचली तरी मुळं फुटतात, आणि छाटणी कितीही केली तरी रागवत नाही. मग कागदी लिंबू, साई सरबती वगैरे, पण कलम किंवा गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या, बी पासूनचं रोप फळाला यायला पाच-सहा वर्षं लावतं. मला एका नर्सरीने कलम म्हणून सरळ बियाचं रोप दिलं होतं, खोडावर जोडाची खूण बघून घ्यायची अक्कल तेव्हा नव्हती. डाळिंबात भगवा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून इथेच केगावला आहे, आणि सोलापूर डाळिंबाला जीआय मानांकनही आहे, तर बादलीत का होईना पण एक पाहिजेच असं म्हणून मी लावलं. फळं चार धरली, त्यातली दोन तडकली, कारण मधे पंप दीड दिवस बंद होता आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं. पाण्यातली ओढाताण डाळिंबाला अजिबात सहन होत नाही.

पेरू वाढतो पण मुळं इतकी माजतात की एल्बो चोंदतो. ॲव्होकॅडोचा सध्या फार बोलबाला आहे, बी ग्लासात ठेवून अंकुर काढणं सोपं आहे म्हणून लोक फसतात, त्याची मुळं हवेच्या बाबतीत सगळ्यात नाजूक आणि आपलं ऊन त्याला झेपत नाही. आंब्याचं नाव काढू नका.

रोप मातीच्या पिशवीत येतं, ती माती बादलीभर पाण्यात हलवत हलवत धुवून काढायची, ओढायची नाही. मग दहा-पंधरा दिवस सावलीत, निम्म्या ताकदीच्या खतावर.

झाड छोटं कसं राहतं, आणि पडत कसं नाही

छोटं झाड ही जात कमी आणि सवय जास्त आहे. वर छाटणी करून चार-साडेचार फुटांवर ठेवायचं, आणि दोन वर्षांनी थंडीत बाहेर काढून मुळांचा कडेचा एक तृतीयांश भाग धारदार सुरीने कापून नवीन कोकोपीटमध्ये परत बसवायचं, बोन्सायवाले करतात तसंच. मुळं कापली की तेवढीच पानंही कमी करा, नाहीतर खालून पुरवठा कमी आणि वर खाणारी तोंडं तेवढीच. तिसऱ्या वर्षी माझी लिंबं ४० लिटरच्या टबात गेली.

बादली हलकी, त्यामुळे मे महिन्यातला वळीव आला की झाड बादलीसकट आडवं होतं. दोन बांबू आणि कठड्याला सुतळी. हे मी दुसऱ्या पडझडीनंतर केलं, तुम्ही पहिल्या आधी करा.

भरपूर खाऊन-पिऊनही फुलं येत नाहीत, असं का?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. दुसऱ्या वर्षी माझं लिंबू हिरवंगार, पानं तळहाताएवढी, आणि फूल एक नाही. सांगोल्याच्या मावसभावाला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणे "अरे तू त्याला ताणच दिला नाहीस, ते फळ कशाला धरेल?"

आपल्याकडचा शेतकरी बहार धरतो म्हणजे नेमकं हेच करतो, पाणी तोडतो, झाडाला थोडं अडचणीत आणतो, वाढ थांबते, मग पाणी सुरू केलं की फुटव्याबरोबर फुलं निघतात. लिंबूवर्गीय झाडांना फुलायला थंडी किंवा पाण्याचा ताण यातलं काहीतरी लागतं. आपल्याकडे थंडी ती कितीशी, आणि बादलीत ताण शून्य, दर दोन तासांनी जेवण हजर. झाड म्हणतं मजेत चाललंय, पोराबाळांची घाई काय.

तर बादलीत ताण देता येतो, फक्त जपून. शेतात काळ्या जमिनीत ताण बसायला कित्येक आठवडे जातात, बादलीत पाणी पूर्ण तोडलं तर तीन-चार दिवसांत बसतो आणि आठव्या दिवशी झाड गेलेलं असतं. मी थंडी ओसरत आली की आधी आठवडाभर साधं पाणी देतो, म्हणजे क्षार धुऊन जातात (नाहीतर कोरडं पडताना ते घट्ट होऊन मुळं भाजतात). मग पंप दिवसातून एकदाच, पाच मिनिटं. दुपारी पानं मलूल झाली आणि संध्याकाळी परत ताठ झाली तर बरोबर चाललंय. सकाळी उठून बघितलं तेव्हाही मलूल असतील तर ताण संपला, लगेच पाणी. असे आठ-दहा दिवस, मग निम्म्या ताकदीचं खत, आणि आठवड्याने पूर्ण. गेल्या फेब्रुवारीत तीन आठवड्यांत कळ्या दिसल्या. फूल ते लिंबू पाच-सहा महिने.

सुरुवात कधी करायची

मार्चमध्ये नाही. सगळे रील उन्हाळ्याच्या सुट्टीत बघतात आणि तेव्हाच रोप आणतात. ऑक्टोबरची हीट संपली, दिवाळीची साफसफाई झाली की रंगाच्या बादल्या फुकट मिळायला लागतात, तेव्हा सुरू करा. एकच बादली, एकच अंजीर. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत त्याला नवीन पानं आली असतील तर मुळं रुळली म्हणायची, मग फेब्रुवारीच्या आत शेडनेट बांधून घ्या आणि घरात जुनी चादर कुठली आहे ते आईला आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी चांगली चादर ओली केली म्हणून मी बोलणी खाल्लीयत.